पोल क्रमांक दोनशे चौदा

पहाटे साडेचारला पहिला फोन व्हॉल्व्हमन गांगुर्डेचा :
"ताई, पाणी सोडलंय, पण प्रेशर नाही."
पाचला दुसरा, तिसऱ्या मजल्यावरून :
"प्रेशर नाही, तुम्हाला माहितीय का?"
माहितीय.
अजून दात घासलेले नाहीत माझे, पण
या प्रभागातलं बहुतेक सगळं मला माहितीय.

सिडकोत, पाचव्या स्कीमच्या कोपऱ्यावर माझं दुकान.
ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश.
सोडतीत महिला आरक्षण निघालं
तेव्हा गिऱ्हाइकांनीच उभं केलं मला,
म्हणाली, सगळ्यांची मापं हिच्या वहीत आहेत.
गळ्यातला टेप काढायचा राहून जातो.
पहिल्या महासभेलाही तो तसाच आला माझ्याबरोबर.
शिपाई हसला. मीही.

लोक अजून दारात येऊन विचारतात, "साहेब आहेत का?"
नवरा अंबडहून रात्रपाळी करून आलेला,
बनियनवर चहा ओतत सांगतो,
"आहेत ना. आत मशीनवर बसलेत."

खड्डे मी टेपनंच मोजते.
छत्तीस बाय एकोणतीस, खोली साडेसात.
ज्युनियर इंजिनियर निमसे विचारतो,
"ताई, सेंटिमीटरमध्ये नाही का?"
खैरुन्निसाआपांचा पाय यात मोडला, मी म्हणते,
त्यांना विचार कशात मोडला.

घंटागाडी गल्लीत वळत नाही, कारण शिरसाठांची मारुती.
मारुती हलत नाही, कारण बॅटरी गेलीय.
बॅटरी नगरसेविकेच्या अखत्यारीत येत नाही.
आम्ही चौघींनी ढकलली.
रात्री दीडला अमरधाममध्ये लाकूड ओलं निघालं,
तेव्हाही फोन मलाच.

गामणे सरांचा अर्ज मात्र दर सोमवारी, शाईच्या पेनानं :
पोल क्रमांक दोनशे चौदा, दिवा बंद.
असे अकरा सोमवार.
मग विद्युत विभागाची शिडीची गाडी आली,
पांढराफेक दिवा लागला,
कुणीतरी नारळसुद्धा फोडला.
पुढच्या सोमवारी अर्ज :
पोल क्रमांक दोनशे चौदा, दिवा चालू.
बंद करावा.

तणतणत गेले, भांडायच्या तयारीनं.
सर दारातच उभे. आत या म्हणेनात.
एवढ्यात आतून आवाज, "दळण टाकून येऊ का?"
रात्रीचे पावणेअकरा.
खिडकीजवळच्या कॉटवर सरांच्या पत्नी,
वेणी घातलेली, मांडीवर पिशवी.
उजेड दिसला की हिची सकाळ होते, सर म्हणाले.
मग दिवा मागितला कशाला होता?
सरांनी चष्मा पुसला.
"एकदा फाटक उघडून गेली.
कुठल्या बाजूला गेली, तेच दिसलं नाही."

याला कुठला विभाग?
विद्युत, बांधकाम, आरोग्य, उद्यान,
मनातल्या मनात महापालिकेचे सगळे जिने चढले, उतरले.
मग गळ्यातला टेप काढला.
खिडकी बेचाळीस बाय अठ्ठेचाळीस.
गणवेशाचं गडद निळं कापड उरलं होतं ठाणात,
दुपदरी शिवलं.
ठराव नाही, निविदा नाही, फोटो नाही.
दिवा तसाच चालू ठेवला.

आज सोमवार. अर्ज आलाय.
"मा. नगरसेविका यांस, सविनय :
पडदा खालून दोन इंच आखूड आहे.
कळावे."

चूक माझीच, घाईत माप घेतलं.
डायरीत लिहून ठेवलं, पाण्याच्या तक्रारीखाली.
पण हाताला सवय गणवेशाची :
पोरं वाढतात म्हणून दुमड तीन इंच सोडलेली असते.
ती उसवायला घेतलीय.
फोन वाजतोय, गांगुर्डेचाच असणार.
एवढा टाका निघू दे.