मूठभर बिया

तांपेरेच्या जुन्या बाजारात
आइला ग्राइंडर बघायला गेली
कोटाच्या खिशात मूठभर बिया घेऊन.

दुकानदारानं बटण दाबलं. "बघा, आवाजच नाही."
रिकामं असताना गप्पच असतं, ती म्हणाली,
आणि बिया ओतल्या.
दाराशी बांधलेलं कुत्रं भुंकायला लागलं.

पाकिटात चाळीस युरो.
घरी भिंत पुठ्ठ्याची, पलीकडे
दोनला पाळीहून येणारा वेइक्को.

शेवटी खालच्या फळीवरचं, हातानं फिरवायचं,
पोलादी दातांचं, मूठ झिजलेली.
"कुणाचं होतं?"
"तीस वर्षं दळत होती बाई.
डॉक्टरनं कॉफी तोडली."

पहाटे चार. खिडकीला बर्फ.
टॉवेलात गुंडाळून, मांडीत धरून
आइला दळते
वेइक्कोच्या घोरण्याच्या आडोशानं.
ते थांबलं
की तिचाही हात थांबतो.