जिप्सम

आर्डिथच्या नव्या घरात फळी बसवायला गेलो.
ड्रिल फिरलं, भिंतीतून पांढरी भुकटी
माझ्या बुटांवर.
"झटकू नकोस," ती म्हणाली. "ओळखीची आहे."

चौतीस वर्षं ती ओहायोकाठच्या धुराशी भांडली,
तीही कागदावरून:
सुनावण्या, हरकती, जोडपत्र क,
दशांशचिन्ह एक घर डावीकडे सरकावं म्हणून
अकरा हिवाळे.

आधी कंपनीनं चिमणीच उंच केली.
धूर गेला, म्हणाले.
गेला खरा, सहाशे मैलांवरच्या तळ्यात उतरला.
तिथले मासे इथले मतदार नव्हते.

बाप त्याच बॉयलरवर, रात्रपाळीला.
तिनं साक्ष दिली त्या वर्षी
जेवताना त्यानं तिच्याकडे
मीठसुद्धा मागितलं नाही.

मग चुनखडीचं पाणी आलं,
धुरावर फवारलं. गंधक खाली बसलं.
त्या गाळाचे तक्ते झाले, तक्त्यांच्या भिंती,
स्वस्त घरांच्या.
ह्याही.

"म्हणजे जिंकलीस की."
तिनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"कार्बन राहिला ना. तो कुठल्या भिंतीत घालू?"

फळीवर एकच वस्तू ठेवली:
बापाचा पत्र्याचा डबा, कडी तुटलेली.
बोटाला लागलेली भुकटी हुंगली.
"वास नाही," म्हणाली, स्वतःशीच.
मग दोन पावलं मागं सरून,
एक डोळा मिटून,
"डावीकडे उतरतेय. पाव इंच.
काढ, परत लाव."