बुश बदलून

उद्यमनगरात आमच्या शेडमध्ये एक लेथ आहे,
आप्पांनी लिलावात घेतलेला, माझ्याहून वयानं मोठा.
बनवणारी कंपनी कधीच बुडाली.
चौगुलेमामा रोज सकाळी त्याला तेल पाजतात
आणि तो शाफ्ट सोलत बसतो, ऊस सोलल्यासारखा.
"पार्ट मिळत न्हाई?" मामा म्हणतात,
"मग करूया की."

म्हणून त्या रात्री संगणक जेव्हा म्हणाला
की हे यंत्र यापुढे पात्र नाही,
नवीन घ्या, जुन्याचा आधार संपला,
तेव्हा मला हसूच आलं.
पात्र नाही कशाला? लग्नाला?
तो शब्द मी दोन-तीन घरांतून ऐकून आलेय,
चहा पिऊन, बशी पालथी न घालता.

रेहाना बागवान आली राजारामपुरीतनं,
डिकीत पेन ड्राइव्ह, हातात भडंगाचा पुडा.
"लिनक्स टाकू. फुकट हाय,
आणि कुणाच्या बापाचं न्हाई."
"आणि माझा किल्ला?"
ती गप्प. भडंगातले शेंगदाणे तेवढे वेचत राहिली.

किल्ला म्हणजे खेळातला.
अकरावीपासून बांधतेय.
चार बुरूज, एक तळं, एकशे बारा शिपाई,
त्यातला एक पांगळा,
त्याला मी कधी लढाईला पाठवलं नाही.
पुराच्या साली कमरेएवढ्या पाण्यातनं
सीपीयू डोक्यावर घेऊन निघाले होते,
हिशेबाच्या फायलींसाठी, असं घरी सांगितलं.

साडेअकरा वाजले. काळा पडदा, पांढरी अक्षरं,
मुंग्यांच्या रांगेसारखी वर वर चाललेली.
"आता वाइन टाकायची," रेहाना म्हणाली.
आतल्या खोलीतनं आई: "काय टाकायची?"
"काकू, प्यायची न्हाई ओ ती.
जुन्या खेळाला वाटावं आपण आपल्याच घरात हाय,
म्हणून असती."
आई क्षणभर थांबली.
"मग तीच की."

पहिल्यांदा उघडला तेव्हा हत्ती जांभळे होते.
दुसऱ्यांदा आभाळच नव्हतं.
तिसऱ्यांदा रेहानानं कुठलीशी एक ओळ बदलली,
कुणीतरी, कुठल्यातरी देशात,
रात्री जागून काढलेली,
खाली धड नावही न घातलेली.

पाणी प्यायला उठलेले आप्पा मागं येऊन उभे राहिले.
"ह्याचं ड्रॉइंग बघायला मिळतं?"
"सगळं."
"कुणालाबी?"
"कुणालाबी. बदला, परत वाटा."
आप्पांनी तांब्या खाली ठेवला.
त्यांच्या पंपाच्या पंख्याचं ड्रॉइंग
बावीस वर्षं लोखंडी कपाटात आहे,
चौगुलेमामांनीसुद्धा अर्धंच बघितलंय.
"शहाणी हैत का खुळी ही माणसं," ते म्हणाले,
आणि जाता जाता जानव्याची किल्ली चाचपली,
आहे ना जागेवर.

एक वाजून गेला होता. आवाज आला आधी,
तोच नगारा, थोडा अडखळत,
मग बुरूज, एक, दोन, तीन,
चौथा जरा उशिरा, जिना चढून दमल्यासारखा.
मी शिपाई मोजले.
रेहाना म्हणाली, "आता मोजत काय बसलीस?"
मी मोजले. एकशे बारा.

"चल, येतो गं," म्हणाली ती, हेल्मेट चढवत.
गल्लीत तिची स्कूटर दोन किकात लागली नाही,
तिसऱ्या किकेला लागली.

तळ्यातलं पाणी मात्र अजून हलत नाही.
काच बसवल्यासारखं थिजलंय,
त्यात बुरुजाची सावली उलटी नाही, सुलटीच पडते.
पांगळा काठावर बसून ती बघतोय.
बसू दे.
रविवारी बघूया, म्हणालीय रेहाना.