मुक्कामी गाडीचा कंडक्टर पिक्चरवर बोलते

घाटंजीले आमची गाडी साडेआठले लागते.
हिशेब होते, पेटी बंद होते,
नेवारे ड्रायव्हर टायरले एक लाथ हाणते.
हवा पाहाले नाही,
दिवस संपला म्हणाले.
मंग थो इचारते, आज कोणता?
मी म्हणतो, लागला थो.
गावात पडदा एकच. निवडाचं काम नाही.

दिवसभर मी लोकाइले तिकीट देतो,
रात्री दारावरचा भगत माझं फाडते.
बरं वाटते.
नेवारे खुर्चीत बसला का झोपते.
त्याच्यासाठी सगळे पिक्चर सारखेच.

दिवाळीआधी भुताचा आला होता.
हवेली, मोकळे केस, आपोआप उघडणारं दार,
आवाज असा का खुर्चीचे नट ढिल्ले व्हावे.
मले भेव नाही लागलं.
भूत कोणाचं होते? ज्याचं काही राहून गेलं त्याचं.
हिचं काय राहून गेलं, थे डायरेक्टरलेच ठाऊक नाही.
आमच्या रस्त्यावर, सावळीच्या फाट्यापाशी,
रात्री एक माणूस हात दाखवते.
गाडी थांबवली का नसते.
तरी नेवारे दरवेळी थांबवते.
एवढंच दाखवा ना:
गाडी थांबली, दार उघडलं, कोणी चढलं नाही,
अन् कंडक्टरनं डबल बेल मारली.
मंग मी इंटरव्हलले एकटा बाहेर गेलो नसतो.

तिकडचा डब केलेला एक.
हीरो एका हातानं ट्रॅक्टर उचलते.
उचल बावा, पण कमरेत वाकू नोको.
तीन तासातले दोन तास थो नुसता चालत येते,
तेवढ्यात आमची गाडी यवतमाळ गाठते.
शिट्ट्या लय वाजल्या.
मीबी वाजवली. लपवत नाही.

प्रेमाचा लंडनले होता.
पोरगी ढसाढसा रडते अन् काजळ जाग्यावर.
आमच्या गाडीत मागच्या सीटवर दोघं असतात कॉलेजचे.
तिकीट दोघाइचं एकाच गावचं,
पण पोरगा एक फाटा आधी उतरते
अन् उन्हात दोन किलोमीटर पायी जाते.
मले माहीत हाय. मी काही बोलत नाही.
डायरेक्टरनं हे पाहाले पायजे होतं,
तिकीट काढून.

हसाचा एक आला. दोनदा हसलो.
एकदा कायले, थे आठवत नाही.
दुसऱ्यांदा मशीन अडकली होती.

लढाईचा आला तवा माझ्या बाजूले
मडावी मास्तरची बहीण होती.
तिचा पोरगा तिकडं बर्फात.
गोळी वाजली का पदर तोंडावर.
इंटरव्हलले उठून गेली, वापस आली नाही.
त्या पिक्चरवर मी मत देत नाही.

अन् मागच्या बुधवारी थो आला, छोटा, मराठी.
भगत म्हणे, चारच माणसं, पाच लागतात.
नेवारे त्या दिवशी गाडीतच झोपला होता,
त्याले उठवलं, त्याचं तिकीट मी काढलं.
पिक्चरमंधी काही होत नाही.
एका बाईले गावची हापशी दुरुस्त कराची हाय.
वायसर भेटत नाही.
पान्हा पिशवीत घालून थे हिंडते,
या दुकानात, त्या दुकानात, बहिणीच्या सासरी.
गाणं नाही. कोणी तिले वाईटबी बोलत नाही.
मी खुर्चीच्या काठावर आलो होतो.
बाजूले नेवारेचं डोकं माझ्या खांद्यावर.

सकाळी घाटात, गियर टाकता टाकता, थो म्हणते,
"वायसर भेटलं का मंग त्या बाईले?"
मी म्हटलं, तू तं झोपला होता.
"डोळे मिटले होते."
मी सांगितलं नाही.
म्हटलं, आजबी मुक्काम हाय. चाल पुन्हा.

रात्री आलो तं पोस्टर बदललेलं.
थोच ट्रॅक्टर, थोच हात.
नेवारे पाहत रायला जराकसा,
मंग वापस जाऊन त्यानं
टायरले आणखी एक लाथ हाणली.