आकसपट्टी

प्रयोगशाळेची जीप मिळाली नाही.
रात्रीच्या एसटीनं आलो कोल्हापुरात,
मांडीवर निळी फाइल, पायाशी पोत्यात गुंडाळलेला
सात किलोचा नमुना.
कंडक्टरनं विचारलं, काय आहे?
म्हटलं, ब्रेक.
तो म्हणाला, गाडीला आहे की एक.

अकरा वर्षं
एका सपाट, डांबरी, सरकारी धावपट्टीवर
आम्ही एक ट्रॉली ढकलत होतो.
उताराला मागचा भार पुढं रेटू लागला
की त्याच रेट्यानं स्वतःची चाकं धरणारी ट्रॉली.
वीज नको, तेल नको,
ड्रायव्हर पेंगला तरी चालेल.
अहवाल झाला. अहवालाचा सारांश झाला.
कुणीसं दिल्लीहून आलं, नारळ फुटला,
आणि कपाटावर चिठ्ठी लागली: हस्तांतरणास योग्य.
चिठ्ठीचा डिंक वाळून ती दोनदा पडली,
दोनदा मीच चिकटवली.

उद्यमनगरात फाइल उघडायला टेबल नव्हतं.
अक्काताई मगदूमांनी लेथजवळचा चुरा फडक्यानं लोटला,
"ठेवा हितं. मी वाचतो."
आणि खरंच वाचला त्यांनी करार, ओळीवर बोट ठेवून.
कलम सात, तिसऱ्या व्यक्तीस दाखवू नये,
तिथं हसल्या.
"सायेब, ह्या गल्लीत तिसरी व्यक्ती कुठली?
समोर दात कापत्यात, शेजारी भोकं पाडत्यात,
कोपऱ्यावर भट्टी.
एक नट करायचा तर चार दारं हिंडतोय."

दस्तगीर शिकलगार, पॅटर्नवाले,
ड्रॉइंग उलटं धरून बघत होते.
मला वाटलं, चुकून.
"भार किती धरलासा?"
मी आकडा सांगितला.
त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि दाराकडं पाहिलं.
बाहेरून ऊस चालला होता,
एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या,
आमच्या आकड्याच्या दुप्पट,
मोळ्यांवर दोघं झोपलेले, गाणं फुल्ल,
लाल दिव्याच्या जागी ब्लाउजपीसची चिंधी.
शिकलगार काही बोलले नाहीत.
ट्रॉली वळून जाईस्तोवर
मीही.

मग त्यांनी खिशातून एक पट्टी काढली,
माझ्या पट्टीला चिकटवून ठेवली.
शून्याला शून्य जुळलं.
तिसाला तीस जुळेना.
"आकसपट्टी. रस थंड हुताना अंग चोरतोय,
म्हणून साचा आधीच वाईच मोठा धरायचा.
तुमच्या कागदात धरलंय?"
लोखंडाचं धरलंय, एवढंच म्हणालो.

रस.
आमच्याकडं त्याला द्रव धातू म्हणतात.
इथं गुऱ्हाळात रस, भट्टीतही रस,
आणि दोन्हीकडं उकळी ओळखणारा माणूस
तेवढ्याच बेफिकिरीनं उभा.
पहिले पाच नग तडकले.
सहाव्याला शिकलगारांनी फासळी चार मिलिमीटरनं वाढवली,
कुणाची परवानगी न घेता.
तोवर साचा तीन कारखाने फिरून आला होता,
चौथ्यानं पिनेची जागाही सरकवली.
कलम सात मी फाइलमध्ये
शेवटच्या पानाखाली सरकवलं.

वाघबीळच्या उतारावर सातापा गुरवानं
भरल्या ट्रॉल्या सोडल्या आणि ब्रेकवरचा पाय काढून
सीटवर मांडी घातली.
मी डोळे मिटले नाहीत, पण आवळले.
मागनं धक्का आला. करकरलं. जळका वास.
उसाची पाचट एकदा पुढं झुकली,
मागं आली.
सातापा खाली उतरून चाकाकडं बघत म्हणाला,
"धरलं की वो!"
आणि तंबाखू मळायला लागला.

परत आल्यावर भांडारपालानं नमुना काट्यावर ठेवला.
नेला सात किलो, आणला साडेआठ.
वजनात फरक, कारण लिहा.
मी लिहिलं, फासळी जाड केली.
मग ते खोडून
शिकलगारांचं पूर्ण नाव लिहिलं,
गल्लीच्या पत्त्यासकट.
रकाना पुरला नाही.