किल्लीबद्दल विचारलंत म्हणून

किल्ली माझ्याकडे होती, वकीलसाहेब, हे खरं.
बावीस वर्षं. एप्रनच्या खिशाला भोक पाडून
दोनदा पीटच्या चरात पडली, दोनदा सापडली.
मालकी हा शब्द तेव्हा कुणी काढला नव्हता.
किल्ली म्हणजे एवढंच, की शनिवारी रात्री बॉयलर पेटवायचा
आणि रविवारी माणसं यायच्या आत
खिडक्यांतल्या मेलेल्या माश्या झाडून घ्यायच्या.

ठराव तिकडे एडिंबरात झाला, गुरुवारी.
आमच्याकडे बातमी बोटीतून येते
आणि बोट वाऱ्यामुळे सोमवारपर्यंत सुटलीच नाही.
म्हणजे त्या रविवारी आम्ही फुटलेलो होतो
आणि आम्हाला ठाऊक नव्हतं.
आमच्यात ऑर्गन नसतो. एक जण स्तोत्राची ओळ काढतो,
बाकीचे तिच्या मागून जातात, ज्याच्या त्याच्या चालीने,
मेंढरं एकाच फाटकातून निघावीत तशी.
त्या दिवशी ओळ मर्डोने काढली.
टॉर्किल सगळ्यांत मागे होता, नेहमीसारखा,
श्वास पुरेपर्यंत शेवटचा स्वर न सोडणारा.

वेगळं कोण झालं, असं तुम्ही विचारता.
टॉर्किल म्हणतो, तुम्ही. आम्ही होतो तिथेच आहोत.
मर्डो म्हणतो, तुम्ही. आम्ही होतो तिथेच आहोत.
सख्खे भाऊ. वाक्य एक, खाकरायची पद्धतही एक.
घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात.
मी शिडी लावून पाहून आले, वासे जागच्या जागी होते.

मग तो कागद निघाला, जमीन देणाऱ्याचा.
तीन मेंढ्या चरतील एवढी जागा,
'मूळ तत्त्वांना धरून राहतील त्यांच्यासाठी'.
दीडशे वर्षांत तो कुणी वाचला नव्हता.
आता दुकानात, धक्क्यावर, लोकर कातरताना
ज्याच्या त्याच्या तोंडी कलम चार.

यादी करायला दोघं आले, टेप घेऊन.
बाकं चौतीस. दिवे अकरा, एक बंद.
प्रभुभोजनाचे शिशाचे बिल्ले एकशे ब्याण्णव.
दोनशे होते, मी म्हटलं. बाकीचे कोटांच्या खिशांतून
समुद्रात गेले असतील, माणसांसकट.
ते त्यांनी लिहिलं नाही.
सातव्या बाकाखाली ओरखडे दिसले,
तिथे मात्र लिहिलं: नुकसान, किरकोळ.
अहो, ते कुत्र्यांचं आहे.
धनगरांचे कुत्रे बाकाखाली झोपायचे
आणि उपदेश लांबला की स्वप्नात मेंढरं वळायचे.

डोलिना गेली तेव्हा मनाई हुकूम लागू होता.
दाराला नवं कुलूप. दोघांचीही ती आत्या,
दोघांनाही तिनेच पोहायला शिकवलेलं.
पेटी रस्त्यात ठेवली, खुर्च्यांवर.
पाद्री दोन होते, दोघंही थोडकं बोलले.
मर्डोने ओळ काढली.
आणि पलीकडून, त्या लोकांतून, सवयीने,
तो शेवटचा स्वर आला, श्वास पुरेपर्यंत.
नंतर टॉर्किल बुटांकडे बघत राहिला,
चोरी पकडली गेल्यासारखा.
याला साक्षीदार आहेत असं मी म्हणणार नाही.
वारा होता. चहा दोन घरांत झाला,
मी दोन्हीकडे अर्धा अर्धा कप घेतला.

तर ही किल्ली. कुठल्याच कुलपाला लागत नाही आता.
कोर्टात जमा करायची तर करा, पोच द्या.
आणि एक, विचारलं नाहीत तरी सांगते:
त्या शेवटच्या शनिवारी बॉयलरचं तेल
मी माझ्या पैशाने भरलं होतं.
अठ्ठ्याऐंशी पौंड. टाकी अजून अर्धी असेल.
ते मागायचं कुणाकडे?