उतारी

उत्तरेश्वर पेठेत, तालमीच्या माळ्यावर,
रात्री साडेनवाला घोंगडं पडतं.
दस्तगीर पिसतो, हिंदुराव काटतो,
आणि मेंढीकोटाआधी रोजचा वाद :
पयली उतारी फायद्याची, का तोट्याची?

हिंदुराव जुना पैलवान, दोन्ही कान मोडलेले.
"आधी हात घालणारा आधी उघडा पडतोय," म्हणतो.
सुकुमार माझा भिडू, वीज मंडळातनं रिटायर.
"रंग निवडायची मुभा त्याला एकट्याला,
बाकीचे तिघं मागनं चालणार."
दस्तगीर काही म्हणत नाही.
त्याला शेवटी बसायला आवडतं,
तीन पानं बघून चौथं टाकायला.

मी वही ठेवली. दुकानाच्या उधारीच्या वहीतच, मागून.
दोन पावसाळे, चारशे बारा डाव.
उतारीवाले जिंकले दोनशे सात,
हरले दोनशे पाच.
आणि त्यातल्या एका डावात
चौकटची पंजी घोंगड्याखाली सापडलेली.

काल मात्र बाराव्या हाताला उतारी माझी.
हुकूम संपलेला. तीन मेंढ्या पडलेल्या, दोन त्यांच्या.
चौथी माझ्याकडं, किलवरची दश्शी,
आणि जोडीला चौकटची दुर्री.
पहिल्या हाताला जो मान होता
तो बाराव्याला गळ्याशी आलेला.
दुर्री टाकली.
दस्तगीरनं राजा ठेवला, हसला नाही,
मग किलवरचा एक्का.
सुकुमार म्हणाला, "तुझ्या हातात काय होतं तरी?"

खरंच, काय होतं?
परतताना पापाच्या तिकटीवर
कुत्र्यांशिवाय कुणी नव्हतं.
चप्पल लाइनीत माझं शटर, मग तीन सोडून महिपतीचं.
एका आईची पोरं. अकरा वर्षं
शटर उचलतानाचा आवाज तेवढा एकमेकांचा ऐकतोय.
भांडण कातड्याच्या एका गठ्ठ्यावरनं. गठ्ठा कधीच विकला गेला.
तो बघतोय मी काय टाकतो,
मी बघतोय तो काय टाकतो.
दोघंही दस्तगीर.
असा डाव मी कुठं बघितला नाही,
चौघांच्या हातात तेरा-तेरा पानं
आणि घोंगडं रिकामं.

सकाळी भवानी व्हायच्या आत
त्याच्या पायरीशी जाऊन उभा राहिलो.
म्हणालो, "तुझ्याकडं बारक्या चुका आहेत का?
माझ्या संपल्या."

कापशी चपलेला चूक लागत नाही,
वादीनंच शिवतात ती.
हे आम्हा दोघांना एकाच माणसानं शिकवलंय.

महिपतीनं आरी खाली ठेवली.
चष्मा कपाळावर सरकवला.
शेवटी बसलेल्याचा हक्कच असतो तो,
हवा तेवढा वेळ घेतला.
मग फळीवरचे डबे
एकेक करून हलवून बघायला लागला.